सांभाळून घे

हेडबाईंनी यादीतली एकशे बारावी ओळ खोडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन्ही डोळे तळहातांनी चोळले. 'मिनीट म्हणजे मिनिट समजावे.' खोडली. 'परिक्षा म्हणजे परीक्षा समजावे.' तीही खोडली. खरं तर सगळी यादी एका कळीसरशी उडवता आली असती. पण कुठलीही गोष्ट न वाचता टाकणं बाईंच्या स्वभावात नव्हतं; ऑफिसात सगळे त्यांना हेडबाई म्हणायचे ते उगाच नाही. रद्दीसुद्धा त्या चाळून मगच बांधायच्या, आणि चाळता चाळता छापखान्याच्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करायच्या. त्या खुणा रद्दीवाल्याशिवाय कुणी बघणार नव्हतं, पण म्हणून चूक तशीच सोडायची की काय?

यादीचं नाव होतं 'सांभाळून घे'. ती बाईंच्या कंपायलरच्या पोटात गेली वीस वर्षं बसलेली होती.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या बोलीत उतरवून देणारा दुभाषा. हा दुभाषा ज्या भाषेचा, ती प्रोग्रॅमची भाषा बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने मिळून बनवली होती, दोन खोल्यांच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. तिच्यात माणूस आपल्या लिपीत, आपल्या शब्दांत यंत्राला हुकूम देऊ शकायचा. आता त्या भाषेवर लिफ्ट चालत होत्या, पाण्याचे पंप चालत होते, गिरण्या चालत होत्या. भाषेचं व्याकरण बाईंचं. यादी नवऱ्याची. माणूस आपल्या लिपीत लिहायला लागला की ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ घालणारच. एका ओळीत 'तारीख' लिहील आणि चौथ्या ओळीत 'तारिख'. यंत्राला त्या दोन वेगळ्या वस्तू. मग यादी मध्ये पडायची, दोन्ही एकच समजायची आणि काम पुढे ढकलायची. तक्रार नाही, सूचना नाही, काही नाही.

"चुकीला चूक म्हणायला काय जातं?" बाई तेव्हा विचारायच्या.

"वेलांटी उलटी पडली म्हणून एखाद्याचा पंप बंद ठेवायचा?" नवरा म्हणायचा. "त्याला काय म्हणायचंय ते कळतंय ना आपल्याला? मग घे की सांभाळून."

त्या वादात नवरा जिंकला होता, कारण वाद लांबला की तो गप्प बसायचा आणि गुपचूप आपल्याला हवं ते करून ठेवायचा. पुढे सात वर्षांपूर्वी तो घरातूनही असाच गेला. भांडण नाही, आदळआपट नाही. दोन बॅगा, आणि दारात एक वाक्य: "तुझं काही चुकलं नाही."

हे वाक्य बाईंनी प्रशस्तिपत्रासारखं जपलं होतं. धाकटी बहीण फोनवर आडून आडून विचारायची, "ताई, झालं तरी काय एवढं?" तेव्हा बाई म्हणायच्या, "मला काय विचारतेस? तो स्वतःच्या तोंडाने सांगून गेलाय, माझं काही चुकलं नाही." नवरा पाहुण्यांना एखादा किस्सा सांगायला लागला की बाई मध्येच "मंगळवार नव्हता, बुधवार होता" म्हणायच्या, हे बहिणीला ठाऊक होतं. पण वार खरोखरच बुधवार असायचा, त्यामुळे तिलाही पुढे काही बोलता यायचं नाही. आता बाईंच्या घरी पाहुणेही येत नव्हते आणि किस्सेही होत नव्हते. फडताळातल्या सगळ्या कपांचे कान उजवीकडे असायचे. ते कुणी हलवायचं नाही. कधी कधी संध्याकाळी बाई त्या कपांकडे बघत उभ्या राहायच्या आणि आपण स्वयंपाकघरात कशाला आलो होतो हे विसरून जायच्या.

यादीवर गदा आली ती एका सूतगिरणीमुळे. तिथल्या प्रोग्रॅमरने धाग्याच्या लांबीला 'सूत' असं नाव दिलं होतं, आणि 'सुरुवातीचा ताण' याचं आखूड रूप म्हणून 'सुत' असं दुसरं. दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी. यादीला वाटलं, बिचाऱ्याची उकाराची चूक झाली. तिने ब्र न काढता दोन्ही एकच समजून घेतलं. ताणाच्या जागी लांबीचा आकडा भरला गेला, चाकं भलत्याच जोराने ओढायला लागली, आणि अडकलेला धागा सोडवायला गेलेल्या कामगार बाईची दोन बोटं हाडापर्यंत कापली गेली.

गिरणीचं पत्र आलं त्या दिवशीच्या बैठकीत हेडबाई उभ्या राहून बोलल्या होत्या.

"समजून घेणाऱ्याने आधी विचारायला नको? बाबा रे, तुला नक्की काय म्हणायचंय? परस्पर अंदाज बांधायचा आणि वर त्याला चांगुलपणा म्हणायचं! यापुढे कंपायलर अंदाज बांधणार नाही. चूक दिसली की थांबेल."

कुणी विरोध केला नाही. फक्त झटपट तेवढा कुरकुरला. झटपट हा ऑफिसातला सर्वांत वेगवान आणि सर्वांत गबाळा प्रोग्रॅमर. चाळिशी उलटली तरी त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकलेली असायची.

"बाई, माझे तर सगळे प्रोग्रॅम झोपतील."

"मग उठवा," बाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. झटपटही हसला. तो कशावरही हसायचा.

आज त्या निर्णयाची अंमलबजावणी होती. यादीत नऊशेच्या वर ओळी होत्या आणि बाई एकशे चौदावर होत्या, तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. गिरणीची माणसं पाचऐवजी चारलाच येत आहेत. नवा कंपायलर त्यांना दाखवायचा आहे. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. अडीच. त्यांनी उरलेली यादी वरपासून खालपर्यंत निवडली, क्षणभर बोट कळीवर धरलं, आणि सगळी एकदम उडवली. न वाचता. मनात कुठेतरी खुट्ट झालं, पण दुसरा इलाज नव्हता.

मग त्यांनी नव्या, कडक कंपायलरला कामाला लावलं. ऑफिसने वीस वर्षांत लिहिलेला सगळा मजकूर त्याने वाचायचा आणि कुणाच्या किती चुका आजवर सांभाळून घेतल्या गेल्या ते नावानिशी मांडायचं. सर्वांत जास्त चुका ज्याच्या, तो सर्वांत वर. तक्ता तयार झाला की आपोआप प्रत्येकाच्या पडद्यावर उमटायचा. ही सोय बाईंनीच सांगून करून घेतली होती. चारचौघांत लाज वाटली की माणूस सुधारतो, असं त्यांचं मत होतं.

बाई पाणी प्यायला उठल्या. परत आल्या तेव्हा खोलीत कुणीच बोलत नव्हतं. एरवी दिवसभर टकटकणारा झटपटचा कीबोर्डही गप्प होता. सगळे आपापल्या पडद्याकडे नको इतक्या लक्षपूर्वक बघत होते.

तक्ता आला होता. झटपट दुसरा होता, एकसष्ट चुका. पहिल्या ओळीवर बाई होत्या. तीनशे सत्तेचाळीस.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बाईंना ती म्हण तेव्हा आठवली नाही. त्यांना वाटलं, यंत्र चुकलंय. त्यांनी तपासणी पुन्हा लावली. पुन्हा तीनशे सत्तेचाळीस. मग त्यांनी आपल्या नावापुढची जंत्री उघडली आणि पहिलीच चूक वाचली. 'दुरूस्ती'. ओळखीचं नाव नाही, असं कंपायलर म्हणत होता.

"नाही कसं?" बाई पुटपुटल्या. "दुरूस्ती. बरोबर तर आहे."

शेल्फावर शब्दकोश होता. तो तिथे इतरांसाठी ठेवलेला होता. बाईंनी तो उतरवला, द उघडला, आणि बोट खाली खाली सरकवत नेलं. दुरुस्ती. रु ऱ्हस्व. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. रु ऱ्हस्वच होता. मग त्यांनी मुखपृष्ठावरची आवृत्ती तपासली, आपण हे का तपासतोय ते कळलं आणि कोश मिटला.

व्याकरण बाईंचं असलं, तरी त्यात मूळ नाव 'दुरुस्ती' असं, बरोबर लिहिलेलं होतं. कारण ती ओळ त्या काळी नवऱ्याने टंकली होती. त्यानंतर बाईंनी स्वतः तो शब्द दोनशे बारा वेळा लिहिला होता आणि दोनशे बारा वेळा चुकीचा. बाकीच्या चुका किरकोळ, पण होत्या. 'नियमीत.' 'तारिख.' आणि एकदा, कसं कोण जाणे, 'व्याकारण'. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ शोधत आपण वीस वर्षं हिंडलो, हा विचार बाईंनी मनात पुरता येऊही दिला नाही. 

या चुका यादीने कधी सांभाळायला घेतल्या? बाईंनी उडवलेली यादी जुन्या नोंदींतून परत बाहेर काढली आणि या वेळी शेवटापासून वाचायला घेतली.

प्रत्येक ओळीपुढे नवऱ्याची टीप होती. टिपा त्याच्यासारख्याच तुटक. 'पंपवाल्यांची तक्रार आली.' 'लिफ्टवाल्यांची तक्रार, दोनदा.' यादीच्या तळाशी एकोणतीस ओळींचा एक वेगळा गठ्ठा होता. पहिली ओळ: 'दुरूस्ती म्हणजे दुरुस्ती समजावे.' पुढे टीप: 'तक्रार नाही. येणारही नाही.' एकोणतिसाच्या एकोणतीस ओळींपुढे तेच. तक्रार नाही. येणारही नाही.

पहिल्या नऊ ओळींची तारीख बाईंना पाठ होती. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांनी ही भाषा पहिल्यांदा लोकांसमोर मांडली होती. सभागृह भरलेलं होतं. बाईंनी सगळ्यांदेखत शंभर ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि तो पहिल्या फटक्यात चालला. एक चूक नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. घरी परतताना बाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "बघितलंस? पहिल्या फटक्यात. तुझ्यासारखं दहादा अडखळावं नाही लागत मला." आणि तो म्हणाला होता, "हो, तुझं तसंच असतं." ओळी त्याने त्या पहाटे, आदल्या रात्रीचा बाईंचा सराव आठवून घातल्या असणार. त्यांना सांगितलं असतं तर त्या घाबरल्या असत्या. नाहीतर मान्यच केलं नसतं. नाहीतर, आणि हे जास्त खरं, कोश मागवून वाद घातला असता.

बाईंना एकदम वाईट वाटलं. त्याच्याबद्दल वाटलं, आणि मग त्याच्याहून जास्त स्वतःबद्दल. ज्या गोष्टीच्या जोरावर सात वर्षं एकटीने काढली, ती गोष्ट कुणीतरी मागून धरून ठेवली होती म्हणून उभी होती. 'तुझं काही चुकलं नाही' हे वाक्यही त्या गठ्ठ्यातलंच एक असेल का? तिसावं?

"बाई."

झटपट टेबलाशी येऊन उभा होता. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून.

"यंत्राचीच काहीतरी गडबड असेल. मी तक्ता काढून टाकू का? गिरणीची माणसं यायच्या आत? कुणी काही बोलणार नाही, मी सगळ्यांना सांगतो."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. बैठकीत हा माणूस आपणहून हसला होता की आपण त्याला हसायला लावलं होतं, हे त्यांना आता नक्की सांगता येईना.

"यंत्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या. आवाज बारीक निघाला म्हणून खाकरून पुन्हा म्हणाल्या, "यंत्र बरोबर आहे. चुका माझ्याच आहेत. तक्ता राहू द्या."

"मग यादी परत घालायची का? निदान आजच्यापुरती?"

"नाही. त्या बाईची बोटं गेली असती." बाई थांबल्या. "तुमच्या एकसष्टांना किती वेळ लागेल?"

"अर्धा तास. तुमच्या?"

"मला उशीर होईल."

"बसू का मदतीला?"

"नको," बाई सवयीने म्हणाल्या. झटपट मान हलवून गेला. तो लांब गेल्यावर त्यांना वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

चार वाजता गिरणीची माणसं आली. बाईंनी त्यांना कडक कंपायलर दाखवला. नमुना म्हणून चुकीचा प्रोग्रॅम हवा होता. बाईंनी स्वतःचा काढला. कंपायलर पहिल्याच 'दुरूस्ती'ला थांबला आणि पुढे एक पाऊल टाकेना. गिरणीवाले खूश झाले. "हे असं हवं होतं," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "कोण चुकलंय हे बघायचंच नाही." बाईंनी नव्या कंपायलरच्या कागदावर सही केली. सही करताना त्यांना जराही शंका वाटली नाही. नियम बरोबर होता. त्यांना एवढंच कळत नव्हतं की तो बरोबर असूनही आपल्याला बरं का वाटत नाही.

पाहुणे गेल्यावर बैठकीच्या खोलीत त्या एकट्याच उरल्या. खिडकीखाली बस थांबून निघत होत्या. बाईंनी दार लोटलं आणि फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही.

तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. मागे नळ वाहत होता.

"हं," तो म्हणाला. मग नळ बंद झाल्याचं ऐकू आलं.

बाईंनी काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. सात वर्षांत एकही फोन नाही, आणि आज एकदम एकोणतीस ओळींबद्दल कसं सुरू करायचं? शिवाय त्यातला पहिलाच शब्द तोंडाने उच्चारायचा तर ऱ्हस्व की दीर्घ?

"चुकून लागला," त्या म्हणाल्या.

"चुकून?"

"हो. दुसरीकडे लावत होते."

"बरं," तो म्हणाला. थोडा थांबला. "ठेवतो मग."

आणि त्याने ठेवला.

बाई फोन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी 'भूक नाही' म्हटलं तरी ताट वाढून ठेवणारा माणूस हा. 'मी एकटी जाईन' म्हटलं की चपला घालून दारात उभा राहणारा. आता तो 'लागलाच आहे तर बोल' म्हणेल, तब्येत विचारेल, दोन-चार इकडच्या तिकडच्या गोष्टी काढेल आणि मग बाईंना हळूच मूळ मुद्द्यावर आणून सोडेल, हे त्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की गृहीत धरलंय हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. त्यांनी पदराने नाक पुसलं. खाली आणखी एक बस येऊन गेली.

मग त्यांनी पुन्हा फोन लावला.

या वेळी रिंग बराच वेळ वाजत राहिली. सातव्या की आठव्या रिंगला आवाज आला.

"हं."

"चुकून नव्हता लावला."

"माहीत आहे."

"माहीत होतं तर ठेवलास का?"

"तू म्हणालीस म्हणून."

पुढे तो काही बोलला नाही. फोनही ठेवला नाही. बाईंनी एक खुर्ची ओढून घेतली, बसल्या, आणि पहिलं वाक्य आधी मनातल्या मनात म्हणून बघितलं.